तुझा जॉबर कोण?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी माझा धाकटा भाऊ फोन हातात धरून बराच वेळ एका जागी बसून राहिला. तो एका ॲपवर जेवणाच्या पार्सलची डिलिव्हरी करतो. त्या दिवशी लॉग इनच होईना. ‘तुमचं खातं तपासणीसाठी थांबवलं आहे’, एवढंच स्क्रीनवर येत होतं. कसली तपासणी, किती दिवस, विचारायचं कुणाला, काही पत्ता नाही. मदतीचं बटण दाबलं की तीच ती ठरावीक उत्तरं.

आबा, म्हणजे आमचे आजोबा, खाटेवर बसून सगळं ऐकत होते. मूळचे पाटण तालुक्यातले. १९७२ ते १९८२ अशी दहा वर्षं त्यांनी लोअर परळच्या एका गिरणीत, रिंग खात्यात काढली. त्यांनी विचारलं, “पण तुझा जॉबर कोन हाय? त्याला जाऊन भेट की.”

“आबा, आमच्यात जॉबर नसतो. ॲप असतं.”

“मग तुला काढलं कुनी?”

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. ताईने इतिहासात एम.ए. केलंय, तिला माहीत असेल, असा त्याचा समज. मला उत्तर देता आलं नाही. पण तो प्रश्न डोक्यातून गेलाही नाही.

गेटवरची सकाळ

जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी उभी करायला घेतली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव वसलं. हजारो माणसं कोकणातून आणि घाटावरून येत होती, पण मालक त्यांना थेट ओळखत नव्हता. माणसं आणायची, कामाला लावायची, त्यांच्यावर नजर ठेवायची आणि नको झाली की घरी पाठवायची, हे सगळं जॉबर करायचा. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. नोकरी लागताना जॉबरला दस्तुरी द्यायची, गावाहून परत आलात की पुन्हा द्यायची. खोली, उधारी, खानावळ यांतही त्याचा शब्द चालायचा. जुलूम होता, पण त्याला चेहरा होता. तो तुमच्याच तालुक्यातला असायचा आणि संध्याकाळी तुमच्याच गल्लीत राहायचा.

जॉबरच्या हातातून भरती काढून घ्यायची म्हणून १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवायला सुरुवात केली. बदलीला कार्ड मिळे. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. आज कुणी कायम कामगार गैरहजर असेल तर आत, नसेल तर घरी. जेवढे दिवस आत, तेवढ्याच दिवसांचा पगार.

आबा सुरुवातीची काही वर्षं बदलीच होते. ते सांगतात, “भोंगा वाजायच्या आधी उभं राहायचं. नाव घेतलं तर दिवस आपला.” माझ्या भावाला हे समजावून सांगावं लागलं नाही. सकाळी लॉग इन करून ऑर्डरची वाट बघत उभं राहणं म्हणजे काय, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

साडेपाच हजार सह्या

कामगारांच्या वतीने कुणीतरी बोललं पाहिजे, ही गोष्ट मुंबईत पहिल्यांदा ठामपणे मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचं निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं.

त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर फार साध्या वाटतात. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय. म्हणजे यातलं काहीच तोवर हक्काचं नव्हतं.

एप्रिल १८९० मध्ये पुन्हा मोठी सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

गंमत अशी, की लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’कडे ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना नियमावली. तेव्हाच्या सरकारी अहवालात तशी नोंदच आहे. कामगार आला की लोखंडे त्याला सल्ला द्यायचे, त्याच्यासाठी अर्ज लिहायचे. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हतीच. तरी रविवार मिळाला. कारण ज्यांना मालक एकेकटे ओळखतही नव्हता, ते एका कागदावर एकत्र आले होते.

संघटना केली म्हणून मनाई हुकूम

एकत्र येणं कायदेशीर व्हायला मात्र आणखी सुमारे ३६ वर्षं लागली. मद्रासला १९१८ मध्ये मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. तिथल्या गिरणीने युनियनचे अध्यक्ष बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध हायकोर्टातून मनाई हुकूम आणला. मुद्दा असा, की कामगारांना काम बंद करायला सांगणं म्हणजे त्यांना करार मोडायला लावणं. अशा दाव्यांपासून युनियनला संरक्षण हवं, ही मागणी देशभर झाली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला.

दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबईत सुमारे दीड लाख गिरणी कामगार जवळपास सहा महिने संपावर होते. मालकांना कमी माणसांत जास्त यंत्रं चालवून घ्यायची होती. त्या संपातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. डांगे, जोगळेकर, मिरजकर ही नावं आपण वाचतो. पण अर्जुन आळवे आणि कासले हे गिरणीत काम करणारे पुढारीही तिथे होते.

कामगारांची एकी म्हणताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. विणाई खात्यात पगार जास्त, आणि तिथे दलितांना प्रवेश नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याला ‘विटाळ’ होईल म्हणून सवर्ण कामगारांचाच विरोध. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपातच उपस्थित केला. युनियन कामगारांच्या वतीने बोलते हे खरं, पण कोणत्या कामगारांच्या, हे आतून कुणीतरी विचारावं लागतं.

तेच आंबेडकर दहा वर्षांनी कम्युनिस्टांबरोबर एका व्यासपीठावर होते. मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने आणलेलं औद्योगिक कलह विधेयक संपावर बंधनं घालत होतं. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. मनाविरुद्ध काम करायला लावणं ही गुलामीच, आणि म्हणून संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग, अशी आंबेडकरांची मांडणी होती.

पावती एकाची, भरवसा दुसऱ्यावर

इथून १९८२ च्या संपाकडे बघितलं, की तो फक्त पगारवाढीचा संप राहत नाही.

१९४६ मध्ये मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. एका उद्योगात एका भागासाठी एकच ‘प्रातिनिधिक युनियन’, आणि मालकाशी बोलण्याचा अधिकार तिलाच. कापड गिरण्यांत हा मान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि तिथेच राहिला. युनियन मान्य करताना सभासदसंख्या मोजली जायची, गुप्त मतदान घेतलं जात नव्हतं. दहा युनियनशी बोलण्यापेक्षा एकीशी बोलावं, हा विचार वाईट नाही. पण ती एक कामगारांना नकोशी झाली तर तिला बदलायचं कसं, याचं सोपं उत्तर त्या कायद्यात नव्हतं.

आबा म्हणतात, “पावती संघाची फाडायची आन् गाऱ्हाणं दुसरीकडं न्यायचं.” १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून बिनसलं, तेव्हा कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते. पगारवाढीच्या जोडीला मागणी होती ती हा कायदा रद्द करा आणि संघाची मान्यता काढा ही. सरकार आणि मालक म्हणत राहिले, आम्ही मान्यताप्राप्त युनियनशीच बोलणार. अडीच लाख माणसं ज्याच्या मागे उभी होती, त्याच्याशी कायद्याने बोलायची गरजच नव्हती.

मालकांना घाईही नव्हती. अनेक गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती, माल भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होता. शिवाय गिरण्यांखाली मुंबईच्या मध्यावरची शेकडो एकर जमीन होती. संपाचं हत्यार चालतं ते काम बंद पडल्याने मालकाचं नुकसान होत असेल तर. इथे काही मालकांना गिरणी बंद असणंच परवडत होतं.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतलं नाही, त्यांत आबा होते. पहिले काही महिने ते गावी शेतावर राहिले. त्याच आधारावर संप एवढा लांबला. नंतर मुंबईत आजीने भाजी विकली, आबांनी वॉचमनची नोकरी धरली. १९८४ मध्ये सामंत खासदार झाले, १९९७ मध्ये त्यांचा खून झाला. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करायला वाट दिली. पुढे तिथे काय उभं राहिलं, ते आपण रोज बघतो.

आबांचा राग दोन्हीकडे आहे. संघाने विकलं म्हणतात आणि डॉक्टरांनी थांबायला हवं होतं असंही म्हणतात. पण युनियनच नको होती, असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही.

गेट कुठे गेलं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ५१ टक्के सभासद असलेली युनियन एकटी वाटाघाटी करणार, आणि संपाआधी निदान १४ दिवसांची नोटीस द्यावी लागणार. म्हणजे १९४६ चा प्रश्न नव्या आकड्यांत पुन्हा आपल्यासमोर आहे. ॲपवरच्या ‘गिग’ कामगारांचा उल्लेख सामाजिक सुरक्षेच्या संहितेत आला, हे पहिल्यांदाच झालं. पण विमा, कल्याण निधी वेगळा आणि मालकासमोर बसून बोलण्याचा हक्क वेगळा. खातं बंद झालं तर जाब कुणाला विचारायचा, हे निधीने सुटत नाही.

बदली कामगार आणि माझा भाऊ यांच्यात मला एक मोठा फरक दिसतो. बदलीला गेट होतं. काम मिळो न मिळो, तिथे शंभर जण रोज एकमेकांना दिसायचे. गेट मीटिंग तिथेच व्हायची, वर्गणी तिथेच निघायची. ॲपने गेटच काढून टाकलं. प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये एकटा उभा आहे.

भावाचं खातं अकरा दिवसांनी सुरू झालं. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या अकरा दिवसांत तो रोज संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या एका हॉटेलसमोर जात होता. तिथे रायडर गाड्या लावून ऑर्डरची वाट बघतात. आणखी चौघांची खाती तशीच बंद होती, हे त्याला तिथे कळलं. त्यांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. कुणाचं खातं कधी बंद झालं, काय उत्तर आलं, याची यादी त्यावर ठेवतात. परवा बघितलं तर तीत ३७ नावं होती.

आबांना मी ती यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, “सह्या घेतल्या का?”