डॉ. एडिथ पीची व डॉ. रखमाबाई

आपल्याकडील स्त्रीवैद्यांच्या इतिहासाची हकीकत बहुधा दात्यांच्या नांवांनीं सुरू होते. जॉर्ज किट्रिज यांनीं जमविलेला निधि, शेठ पेस्तनजी होरमसजी कामा यांची देणगी, सोराबजी शापुरजी बंगाली यांची खटपट, हीं सर्व नांवें यथार्थ आहेत आणि त्यांचें श्रेय उणें करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु पैशानें इमारत उभी राहते. डॉक्टरीण तयार होत नाहीं. व्यवसायांत अगोदर शिरलेल्या स्त्रीनें मागून येणारीस हात द्यावा, अशी जी एक परंपरा या हकीकतींत आहे, तिच्याकडे जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. ती कालानुक्रमानें लावून पाहावी, एवढाच या टिपणाचा उद्देश आहे.

परंपरेचा आरंभ मुंबईस नव्हे, एडिंबरोस झाला. १८६९ सालीं सोफिया जेक्स-ब्लेक यांनीं तेथील विद्यापीठांत वैद्यक शिकण्याची परवानगी मागितली. एकट्या स्त्रीसाठीं व्यवस्था करितां येत नाहीं, असें उत्तर आलें. तेव्हां त्यांनीं वर्तमानपत्रांतून सोबतिणींना हांक दिली. ती वाचून लिहिणाऱ्यांत अध्यापन करून राहणाऱ्या एडिथ पीची या होत्या. पुढील वर्षीं रसायनशास्त्राच्या परीक्षेंत त्यांनीं होप शिष्यवृत्तीचा हक्क मिळविला. पण त्या स्त्री असल्यामुळें ती त्यांच्या खालच्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास दिली गेली. १८७३ त न्यायालयाचा निकालहि स्त्रियांच्या विरुद्ध लागला. शेवटीं पीचीबाईंनीं १८७७ त स्वित्झर्लंडांतील बर्न येथें पदवी घेतली व त्याच वर्षीं डब्लिनचा वैद्यकीचा परवाना मिळविला. इकडे जेक्स-ब्लेकबाईंनीं १८७४ त लंडन येथें स्त्रियांसाठीं स्वतंत्र वैद्यकशाळा काढली होती. हें सन ध्यानांत ठेवावें. तिचा संबंध पुढें येणार आहे.

मुंबईच्या निधीसाठीं डॉक्टरीण पाहिजे होती, तेव्हां इंग्लंडांतील वडीलधाऱ्या डॉक्टरीण एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनीं पीचीबाईंचें नांव सुचविलें. डिसेंबर १८८३ मध्यें त्या मुंबईस आल्या आणि १८८६ त उघडलेल्या कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. इस्पितळ स्त्रीवैद्यांच्याच हातीं असावें, हें या योजनेचें मर्म होतें. पुरुष डॉक्टरांच्या बरोबरीचा दर्जा व वेतन स्त्रियांस मिळावें, याविषयीं त्यांचा आग्रह असे. परिचारिकांच्या शिक्षणाकडेहि त्यांनीं लक्ष घातलें.

त्याच सुमारास मुंबईंत रखमाबाईंचा दावा गाजत होता. बालपणींच लग्न झालेल्या रखमाबाई, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या सावत्र कन्या, नवऱ्याकडे नांदावयास जाण्यास तयार नव्हत्या. १८८४ त दादाजी भिकाजी यांनीं फिर्याद केली. १८८५ त न्या. पिन्हे यांचा निकाल रखमाबाईंच्या बाजूनें झाला. अपिलानंतर ४ मार्च १८८७ रोजीं न्या. फॅरन यांनीं नांदावयास जा, नाहीं तर कैद भोगा, असा हुकूम दिला. अवघ्या सहा दिवसांपूर्वीं, २६ फेब्रुवारीस, फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यास निवर्तल्या होत्या. एका आठवड्यांत एक डॉक्टरीण गेली आणि जी पुढें डॉक्टरीण व्हावयाची तिच्यापुढें तुरुंग उभा राहिला, हा योगायोग मनास चटका लावणारा आहे.

१८८८ त तडजोड होऊन रखमाबाई मोकळ्या झाल्या. परंतु पुढें काय, हा प्रश्न कोणत्याहि निकालानें सुटणारा नव्हता. त्या वेळीं पीचीबाईंनीं त्यांस वैद्यकाकडे वळण्यास उत्तेजन दिलें व विलायतेच्या खर्चासाठीं पैसा जमविण्यास साहाय्य केलें. १८८९ त रखमाबाई निघाल्या, त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकशाळेंत दाखल झाल्या. म्हणजे जिच्या हांकेमुळें पीचीबाई वैद्यकांत आल्या, तिनेंच काढलेल्या शाळेंत पीचीबाईंच्या शिष्येचें शिक्षण झालें. दुवे असे एकांत एक गुंतलेले आहेत.

येथें एक आक्षेप संभवतो. पीचीबाई राज्यकर्त्यांच्या जातीच्या. त्यांचें साहाय्य म्हणजे वरून खालीं दिलेली कृपा, असें कोणी म्हणेल. राज्यकर्ते व प्रजा यांतील अंतर नाकारतां येत नाहीं. पण ज्या स्त्रीची शिष्यवृत्ति तिच्याच विद्यापीठानें काढून घेतली, तिला अडविलेल्या दाराची कल्पना पुस्तकांतून घ्यावी लागली नाहीं. शिवाय कृपेची परीक्षा ती घेणारीच्या पुढील आयुष्यावरून होते. रखमाबाई १८९४ त पात्र होऊन परत आल्या आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या इस्पितळांत त्यांनीं सुमारें पस्तीस वर्षें स्वतःच्या अधिकारानें काम केलें. १९५५ त त्या वारल्या, तोंवर त्यांचें नांव दाव्यापेक्षां मोठें झालें होतें.

पीचीबाई १९०८ त निवर्तल्या. त्यांचे पति हर्बर्ट फिप्सन यांनीं त्यांच्या नांवें त्याच लंडनच्या वैद्यकशाळेंत शिष्यवृत्ति ठेविली. एडिंबरोनें नाकारलेली शिष्यवृत्ति अशा रीतीनें इतर स्त्रियांच्या हातीं पडली. निवाडे आणि देणग्यांच्या पाट्या इतिहासांत आपोआप राहतात. एकीनें दुसरीसाठीं लिहिलेलें शिफारसपत्र मात्र घरांतल्या जुन्या पेटींत कुजतें. ज्यांच्या घरीं आजी-पणजीचीं अशीं पत्रें व प्रशस्तिपत्रें असतील त्यांनीं तीं जपावीं, अशी आमची विनंति आहे. कारण या परंपरेचा पुढील भाग त्यांवरूनच लिहावा लागेल.