पत्र्याआधी कूड होता

अळंबीचं शेड गार कसं ठेवायचं, हे बरेच जण विचारतात. त्याआधी थोडा इतिहास.

१९व्या शतकात पॅरिसजवळच्या जुन्या दगडखाणींत अळंबी पिकायची, कारण जमिनीखालची हवा बारमाही गार. आपल्याकडं बटण अळंबीची सुरुवात १९६१ साली हिमाचलात सोलनला झाली. तिला पीक धरायला १४ ते १८ अंशच लागतात. खाली मैदानात ती बारमाही पिकते ती पफ पॅनेल आणि एसीच्या जोरावर. धिंगरीला २० ते ३० अंश चालतात, म्हणून ती आपली.

गगनबावड्यात पावसाळ्यात प्रश्नच नाही. अडचण मार्च ते मे. माझं पहिलं शेड उघड्या पत्र्याचं. एप्रिलात निम्मे बेड हिरव्या बुरशीनं गेले. बी पसरताना बेड आतून स्वतःच तापतो, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

मग आजोबांचं घर आठवलं. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर गवताचा शाकार. अडकलेली हवा उष्णता अडवते, पफचंही तत्त्व तेच. पत्र्यावर उसाचा पाला वीतभर अंथरला, भिंतींना कूड घातला. (उंदीर आले, तो वेगळा विषय.)

दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं १९८०च्या दशकात भाजीपाल्यासाठी शीतकक्ष केला: विटांच्या दोन भिंती, मध्ये ओली वाळू. मी त्याच तत्त्वावर दाराला ओलं बारदान लावतो, पण फक्त उन्हाळ्यात. हवा कोरडी असेल तरच पाणी उडतं आणि गारवा येतो. जूनमध्ये धुकं उतरलं की बारदान काढायचं, पालाही.