पुदिना आणि १६ वाफे

परवा बाल्कनीत बघतो तर काय, पुदिन्याने लांबट कुंडीतली मेथी, कोथिंबीर सगळी गिळून टाकलेली! ऑफिसात 'आधी डिझाइन, मग कोड' म्हणून ओरडणारे आपण घरी मात्र एकाच मातीत चार बिया भिरकावून मोकळे.

असं एक डिझाइन स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या जुन्या मठाच्या ग्रंथालयात आजही आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात पाच चर्मपत्रं एकत्र शिवून त्यावर अख्ख्या मठाचा आराखडा काढला होता. त्यात वैद्याच्या घराला लागून औषधी वनस्पतींचे १६ वाफे आहेत. आठ कडेने, आठ मधे. एका वाफ्यात एकच झाड, वर नाव लिहिलेलं. यादी वाचून उडालोच... मेथी, जिरं, बडीशेप, पुदिना! म्हणजे आपला मिसळणाचा डबाच की. भाज्यांचे १८ वाफे मात्र वेगळे, माळ्याच्या घराजवळ.

आराखड्याबरहुकूम मठ कधी बांधलाच गेला नाही. पण दोन गोष्टी मी उचलल्या: ज्याला जे लागतं ते त्याच्या हाताशी, आणि प्रत्येकाला आपापली हद्द.

काल पुदिन्याला वेगळी कुंडी दिली, स्वयंपाकघराच्या खिडकीत. मेथी पुन्हा पेरलीय. बघू!