एसीची दुरुस्ती कोणाची? घरमालक, बांधकाम व्यावसायिक आणि कायदा

परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या व्यापारासाठी ओळखले जाणारे तालुक्याचे ठिकाण. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे येथेही जुनी घरे माळवदाची असत. जाड मातीच्या भिंती आणि मातीचेच छत यामुळे दुपारचे ऊन घरात उतरेपर्यंत संध्याकाळ होई. सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबने ही व्यवस्था बदलली. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांच्या पुढे सरकतो, तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. त्यामुळे एके काळी चैनीची समजली जाणारी वातानुकूलन यंत्रे आता लहान शहरांतील घरांतही दिसू लागली आहेत. घरात वृद्ध, आजारी किंवा तान्हे मूल असेल, तर एसी ही गरजच ठरते. साहजिकच, ऐन उन्हाळ्यात तो बंद पडला की पहिला प्रश्न उभा राहतो : दुरुस्ती कोणी करून द्यायची?

हा वाद साधारणतः एकाच साच्यातून जातो. नव्या घराचा ताबा घेऊन वर्ष-दोन वर्षे झालेली असतात. भिंतीवर ओल येते, एसीतून पाणी ठिबकते किंवा गॅस वारंवार उडून जातो. कंपनीचा मेकॅनिक 'भिंतीतल्या पाइपमध्ये दोष आहे, बिल्डरला सांगा' असे म्हणतो. बांधकाम व्यावसायिक 'एसी आमचा नाही, कंपनीला विचारा' असे उत्तर देतो. विक्रेता वॉरंटी संपल्याची तारीख दाखवतो. या टोलवाटोलवीत उन्हाळा सरतो आणि शेवटी घरमालक स्वतःच्या खर्चाने भिंत फोडून मोकळा होतो. कायदेशीर दृष्टीने त्याची सर्वांत मोठी चूक तीच असते. कारण भिंतीबरोबर पुरावाही फुटतो.

दोष नेमका कोठे आहे?

एसी ही एकच वस्तू वाटत असली, तरी जबाबदारीच्या दृष्टीने तिचे चार भाग पडतात. पहिला भाग यंत्राचा : कॉम्प्रेसर, पंखा, कॉइल, इलेक्ट्रॉनिक पट्टी. यातील उत्पादन-दोषाची जबाबदारी वॉरंटीच्या अटींनुसार उत्पादकावर येते. सर्वसाधारणपणे संपूर्ण यंत्राची वॉरंटी एक वर्षाची आणि कॉम्प्रेसरची त्याहून अधिक वर्षांची असते. दुसरा भाग बसवणीचा : आतील आणि बाहेरील युनिट जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचे सांधे, यंत्राची पातळी, बाहेरील युनिटचे स्टँड. हे काम ज्याने केले आणि त्याचे पैसे घेतले, तो त्याला उत्तरदायी असतो.

तिसरा भाग इमारतीचा आहे आणि बांधकाम व्यावसायिकाशी असलेल्या वादाचे मूळ बहुधा येथेच असते. अनेक नव्या इमारतींत तांब्याच्या नळ्या, पाण्याचा निचरा करणारी नळी आणि विजेच्या तारा प्लास्टर होण्यापूर्वीच भिंतीत बसवल्या जातात. निचऱ्याच्या नळीला पुरेसा उतार नसेल, तर पाणी उलटे फिरते आणि भिंतीत मुरते. भिंतीतील तांब्याची नळी वाकली किंवा तिचा सांधा कच्चा राहिला, तर गॅस हळूहळू झिरपतो. एसीसाठी योग्य जाडीची स्वतंत्र तार दिलेली नसेल, तर भार वाढताच एमसीबी पडते. बाहेरील युनिटसाठी अरुंद, बंदिस्त जागा ठेवली असेल, तर बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाते आणि यंत्र कितीही चांगले असले तरी खोली थंड होत नाही. यातील कोणताही दोष एसी कंपनीचा नव्हे.

चौथा भाग वापराचा आहे. जाळी महिनोन्‌महिने न धुणे, खोलीच्या मानाने कमी क्षमतेचे यंत्र घेणे, कमी-अधिक दाबाच्या वीजपुरवठ्यात संरक्षण न घेणे यांतून होणारा बिघाड घरमालकाच्या पदरी पडतो. क्षमतेचा हिशेब येथे उपयोगी पडतो. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, अर्थात सुमारे साडेतीन किलोवॅट इतकी उष्णता बाहेर काढण्याची शक्ती. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, त्यावरून हे माप आले आहे. तापलेल्या स्लॅबखालची वरच्या मजल्यावरील खोली आणि तळमजल्यावरील तेवढीच खोली यांना एकाच क्षमतेचे यंत्र पुरत नाही, हे घेताना लक्षात ठेवलेले बरे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात सदनिका खरेदीदाराला पहिले स्पष्ट संरक्षण १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याने, म्हणजे 'मोफा'ने दिले. त्याच्या कलम ७ नुसार ताबा दिल्यापासून तीन वर्षांच्या आत इमारतीतील किंवा वापरलेल्या साहित्यातील दोष निदर्शनास आणून दिल्यास, शक्य असेल तेथे प्रवर्तकाने तो विनामूल्य दूर करावयाचा असतो. अन्यथा वाजवी भरपाई द्यावयाची असते.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे 'रेरा', याच्या पुढे गेला. त्याच्या कलम १४(३) मध्ये केवळ संरचनेतील दोष नव्हे, तर कारागिरी, दर्जा, सेवांची तरतूद आणि करारनाम्यातील अन्य जबाबदाऱ्या यांतील दोषही समाविष्ट आहेत. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा दोष कळवल्यास प्रवर्तकाने तो तीस दिवसांत, कोणतेही जादा शुल्क न घेता दुरुस्त केला पाहिजे. तसे न झाल्यास खरेदीदार योग्य नुकसानभरपाईस पात्र ठरतो.

भिंतीत पुरलेली नळी, तार आणि निचरा यांचा विचार 'कारागिरी' व 'सेवांची तरतूद' या शब्दांच्या आधारे करता येतो. यंत्राचे मात्र तसे नाही. ते करारनाम्यात बांधकाम व्यावसायिकाने द्यावयाच्या वस्तूंमध्ये नमूद आहे की खरेदीदाराने स्वतः बाजारातून आणले, यावर सारे अवलंबून राहते. महाराष्ट्रातील नमुना करारनाम्यात सदनिकेत द्यावयाच्या जोडण्या व सुविधांची यादी स्वतंत्र परिशिष्टात जोडलेली असते. वाद उद्भवल्यावर सर्वांत आधी उघडावे ते हेच पान. त्यात 'एसीसाठी पॉइंट' एवढेच लिहिले असेल, तर बांधकाम व्यावसायिकाची जबाबदारी पॉइंटपुरती राहते. 'एसीसह सदनिका' असे लिहिले असेल, तर चालू स्थितीतील यंत्र देणे हा कराराचा भाग ठरतो. मात्र पाच वर्षांची ही तरतूद दोषांसाठी आहे. वापरातून होणाऱ्या नेहमीच्या झिजेसाठी नव्हे.

दुसरीकडे, घरमालकाने एसी बसवताना तुळईला किंवा खांबाला भोक पाडले, पुरलेली नळी बदलली किंवा वायरिंग परस्पर वाढवले, तर दोष आपला नसल्याचे सांगण्यास बांधकाम व्यावसायिकाला सबळ कारण मिळते. हा बचाव नेहमीच खोटा नसतो.

लहान गावातील वेगळी अडचण

रेराची नोंदणी प्रत्येक बांधकामाला सक्तीची नाही. विकसित करावयाच्या जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिकांची संख्या आठपेक्षा अधिक नसेल, तर अशा प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. मानवतसारख्या गावात बहुतांश घरे स्वतःच्या प्लॉटवर गुत्तेदाराकडून बांधून घेतली जातात. तेथे सदनिकेची विक्रीच होत नाही; घरमालक आणि गुत्तेदार यांच्यात कामाचा करार असतो, तोही अनेकदा तोंडी किंवा वहीतल्या एका पानावरचा.

याचा अर्थ घरमालक निराधार आहे असा नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात १९९३ च्या दुरुस्तीने गृहबांधणीचा 'सेवे'च्या व्याख्येत स्पष्ट उल्लेख झाला. त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घर बांधून देणे ही सेवाच असून त्यातील उणीव ही सेवेतील त्रुटी ठरते, असा निर्वाळा दिला. पैसे घेऊन घर बांधणारा गुत्तेदारही या तत्त्वाच्या कक्षेत येतो. मात्र काय ठरले होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते. म्हणून वायरिंगची जाडी, नळ्यांचा प्रकार आणि एसीची जागा या तीन गोष्टी कामाच्या कागदावर लिहून घेणे हा पुढच्या अनेक वर्षांचा विमा ठरतो.

दाद कोठे मागावी?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. ही तरतूद मानवतच्या रहिवाशांसाठी महत्त्वाची आहे. मुलांच्या शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात सदनिका घेतलेल्या कुटुंबाला त्या शहरात खेटे घालण्याची गरज नाही. परभणीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. वस्तू वा सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या अधिकारात येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. २० ते ५० लाखांच्या दरम्यान असल्यास ते १,००० रुपये आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. 'बिल्डर उद्या माणूस पाठवतो म्हणाला' या आशेवर ही मुदत निघून जाऊ देऊ नये.

प्रकल्प नोंदणीकृत असेल, तर 'महारेरा'चा मार्ग खुला आहे. कलम १४ खालील नुकसानभरपाई ठरवण्याचे काम निर्णय अधिकाऱ्याकडे असते. २०१८ पासून महारेराने सलोखा मंचही सुरू केला आहे; त्यात ग्राहक संघटनांचे आणि बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसून तडजोड घडवतात. एसीच्या दुरुस्तीसारख्या तुलनेने लहान रकमेच्या वादाला हा मार्ग अधिक सोयीचा ठरू शकतो.

ग्राहक आयोग की रेरा, ही निवड खरेदीदाराची असते. इम्पिरिया स्ट्रक्चर्स विरुद्ध अनिल पाटणी या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रेरामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे स्पष्ट केले. मात्र एकाच मागणीसाठी दोन्हीकडे समांतर धाव घेणे योग्य नव्हे. 'ताबा घेतला, आता तक्रार कसली?' हा युक्तिवादही नेहमी टिकत नाही. कबूल केलेल्या सुविधांच्या व विलंबाच्या प्रश्नावर, ताबा घेतला म्हणून भरपाईचा हक्क आपोआप संपत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच आरिफुर रहमान खान प्रकरणात घेतली आहे. तसेच करारनाम्यातील एकतर्फी अटी ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते, असे २०१९ च्या पायोनियर अर्बन प्रकरणात न्यायालयाने म्हटले आहे. 'ताब्यानंतर कोणतीही जबाबदारी राहणार नाही' या ओळीवर सही केली, म्हणून सारे हक्क गेले असे समजण्याचे कारण नाही.

भिंत फोडण्यापूर्वी

या साऱ्या तरतुदींचा उपयोग पुरावा असेल तरच होतो. बिघाड होताच कंपनीच्या अधिकृत मेकॅनिकला बोलावून त्याचे निदान लेखी घ्यावे. 'गॅस कमी' एवढे पुरेसे नाही. गळती यंत्रात, उघड्या सांध्यात की भिंतीतील नळीत, हे कागदावर यायला हवे. नळीच्या दोन्ही टोकांना बंद करून आत नायट्रोजनचा दाब भरला आणि ठरावीक वेळाने दाब उतरला, तर गळती नळीतच असल्याचे भिंत न फोडता कळते. निचऱ्याच्या नळीत बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात बाहेर येते, हे पाहणे तर त्याहूनही सोपे.

त्यानंतर बांधकाम व्यावसायिकाला लेखी पत्र द्यावे. ताब्याची तारीख, दोष प्रथम दिसल्याची तारीख, मेकॅनिकच्या अहवालाची प्रत आणि छायाचित्रे सोबत जोडावीत. स्पीड पोस्टाने पाठवून पोहोच जपून ठेवावी. दूरध्वनीवरील बोलण्याची नोंद कोठेही राहत नाही. पत्रात संयुक्त पाहणीची मागणी करून तारीख सुचवावी. पाहणी झाली तर दोन्ही बाजूंच्या सह्यांचे टिपण करावे. समोरची बाजू आली नाही, तर त्याचीही नोंद ठेवावी. उन्हामुळे दुरुस्ती थांबवणे अशक्य असेल, तर तशी पूर्वसूचना द्यावी, भिंत उघडताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घ्यावीत, काढलेला नळीचा तुकडा फेकू नये आणि खर्चाच्या पावत्या सांभाळाव्यात. ग्राहक आयोगाला गरज भासल्यास सदोष वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवता येते. भंगारात गेलेला तुकडा मात्र कोणालाच तपासता येत नाही.

तक्रार करण्यापूर्वी सल्ला हवा असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. प्रतिवादी ठरवताना केवळ बांधकाम व्यावसायिकाचे नाव घालून थांबू नये. दोषाचे मूळ वादग्रस्त असेल, तेथे उत्पादक आणि बसवणी करणारा यांनाही सामील केल्यास 'तो दोष त्यांचा' हे उत्तर एकाच मंचापुढे तपासले जाते आणि टोलवाटोलवीला जागा उरत नाही.

थोडक्यात, यंत्राचा दोष उत्पादकाचा, सांध्याचा दोष बसवणाऱ्याचा, भिंतीतील दोष बांधणाऱ्याचा आणि निगेचा दोष वापरणाऱ्याचा, ही ढोबळ विभागणी आहे. करारनामा तिला नेमकेपणा देतो, तारीख तिला बळ देते. मराठवाड्यातील उन्हाळा कोणाच्या खुलाशाची वाट पाहत नाही. म्हणून घराचा ताबा घेताना, शक्यतो थंडीच्या दिवसांतच, एसीची जोडणी चालवून, निचरा तपासून आणि त्याची नोंद ताबा-पावतीवर करून घेणे हेच अधिक शहाणपणाचे.