स्तंभ-तुळई सांध्यातील कर्तनसळ्यांचा प्रश्न : त्र्यंबकेश्वरच्या संदर्भात

त्र्यंबकेश्वरचे काळ्या पाषाणातील विद्यमान मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळी बांधावयास घेण्यात आले. अशा बांधणीत दगडाचा भार खालच्या दगडावर उतरतो. तुळई व स्तंभ यांचा ताठ सांधा तीत नसतो. गावातील काँक्रीटचे लॉज व भक्तनिवास यांची मदार मात्र याच सांध्यावर असते.

भूकंपात सांगाडा झुलू लागला की स्तंभाच्या एका बाजूस तुळईच्या वरच्या सळ्या ताणात येतात, दुसऱ्या बाजूस खालच्या. त्यामुळे सांध्याच्या गाभ्यात स्तंभापेक्षा कितीतरी अधिक कर्तनबल एकवटते आणि हादऱ्याची दिशा पालटताच फुलीसारखे तडे जातात. स्तंभाच्या रिंगा सांध्यातूनही अखंड नेणे, हा त्यावरील रूढ उपाय होय.

आयएस 13920 हे मानक 1993 साली आले. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला; परंतु तेथे कोसळली ती मुख्यतः दगडमातीची घरे, त्यामुळे काँक्रीटच्या सांध्याकडे लक्ष वेधले गेले नाही. शिवाय तिसऱ्या भूकंप विभागात हे मानक पाचांहून अधिक मजल्यांच्या, औद्योगिक वा विशेष महत्त्वाच्या इमारतींपुरतेच होते. तीर्थक्षेत्री सर्रास आढळणाऱ्या तीन-चार मजली इमारती त्यातून सुटल्या. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपात दूरच्या अहमदाबादेतही काँक्रीटच्या इमारती पडल्या. 2002 च्या दुरुस्तीने ही सवलत गेली. त्याच वर्षीच्या आयएस 1893 मध्ये नाशिक तिसऱ्या विभागात आहे.

नियम आला, तरी तो पाळणे सोपे नव्हते. तुळईचा पिंजरा वर बांधून साच्यात सोडला, की 135 अंशांच्या आकड्याची बंद रिंग सांध्यात बसविणे फिटरला जवळजवळ अशक्य होते. ती गाळली जाते, आणि काँक्रीट ओतल्यावर चूक दिसतही नाही. पर्यायांचा शोध या अडचणीतूनही सुरू झाला. आयआयटी कानपूरच्या मूर्ती, राय, बाजपेयी व जैन यांनी कडेच्या सांध्यांवर उलटसुलट भार देऊन केलेले प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाले. बाजूने सरकविता येणारी केसपिनेच्या आकाराची सळई बंद रिंगेला व्यवहार्य पर्याय ठरते, असे त्यांना आढळले. मात्र त्यांच्या नमुन्यांत सांध्याला कर्तनाचे तडे भरपूर गेले व तन्यता कमीच राहिली, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. फुलीच्या आकारात तिरप्या सळ्या घालण्याचा दुसरा पर्याय तड्यांना थेट छेदतो; परंतु सांध्यातील दाटी वाढवितो.

केवळ सळईचा आकार बदलून भागत नाही, हे मानकाच्या 2016 च्या आवृत्तीवरून दिसते. तीत सांध्याच्या कर्तनक्षमतेची तपासणी आली, स्तंभांची नमनक्षमता तुळयांच्या 1.4 पट मागण्यात आली आणि स्तंभाची किमान जाडी 300 मिमी झाली. नऊ इंची भिंतीत लपणारा 230 मिमीचा स्तंभ त्यामुळे नियमाबाहेर गेला.