खुराक, मेहनत आणि मीजान

आपल्याकडे ‘डाएट’ हा शब्द आला तोच मनाई घेऊन. भात नको, साखर नको, तूप तर नकोच. सांगली-साताऱ्याकडे शरीर कमावण्यासाठी त्याआधीपासून एक शब्द होता, ‘खुराक’. त्यात मनाई नव्हती, हिशेब होता. हा शब्द फारसीतून आला. पैलवान आणि कुस्तीही तिकडूनच आले. तालीम अरबी, म्हणजे शिक्षण. वस्ताद म्हणजे आपला उस्ताद. लाल मातीत हे शब्द इतके मुरले, की आज त्यातला एकही कुणाला परका वाटत नाही.

शब्द नंतर आला, कल्पना त्याहून जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात मल्लांची माहिती आहे. वय, देह आणि ताकद पाहून त्यांची प्रतवारी कशी करावी, त्यांनी व्यायाम कसा करावा आणि राजाने त्यांना काय पुरवावं, हे सगळं त्यात येतं. पुरवायच्या जिनसांत डाळी, मांस आणि दूध आहे; साखर आणि मिठाईसुद्धा आहे. म्हणजे जवळपास नऊशे वर्षांपूर्वीही गोडधोड पैलवानाला वर्ज्य नव्हतं. फक्त ते व्यायामासोबत येत होतं.

पुढे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला असाच राजाश्रय दिला. १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. सांगली, मिरज, शिराळ्याकडची पोरं कोल्हापूरच्या तालमींत राहायला जाऊ लागली. पहाटे उठून जोर-बैठका, मग हौद्यातली लढत. त्या मातीतही ताक, तेल आणि आमच्या सांगलीची हळद मिसळलेली. त्यानंतर थंडाई, दूध, तूप, मटण. १०० ग्रॅम बदामात जवळपास ५८० कॅलरी असतात. हे गणित त्या वस्तादांना कुणी शिकवलं नव्हतं, पण शेकड्यांनी बैठका मारणाऱ्या अंगाला काय लागतं, हे त्यांना नजरेनं कळायचं. ज्यानं मेहनत चुकवली, त्याची थंडाईही चुकायची.

या पद्धतीचं फळ १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दिसलं. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठे पिरानचे मारुती माने, एकाच जिल्ह्यातल्या या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. दोघेही भारदस्त पैलवान. पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे असाच देह येतो.

पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे खाशाबा जाधव ५७ किलोच्या गटात लढले होते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस. १९४८ ला लंडनमध्ये ते त्याहून हलक्या गटात सहावे आले होते. मातीतल्या कुस्तीत जोड नजरेनं ठरायची. ऑलिंपिकनं तालमीत वजनकाटा आणला. किती खाल्लं याला तिथं किंमत नाही, खाल्लेल्याचं काय केलं ते काटा सांगतो. आपल्याकडे काट्याला मीजान म्हणतात. सूरह रहमानमध्ये मीजान बिघडवू नका अशी ताकीद आहे, आणि तोलाचा हा नियम मला पोटालाही लागू वाटतो.

या परंपरेची दुसरी बाजूही सांगायला हवी. माझे मोठे चाचा तालमीतले. तिशीनंतर लंगोट उतरला, दुकान आलं, पण वाटीतलं तूप तेवढंच राहिलं. दूध तेवढंच, त्यात साखर वाढली, संध्याकाळी चहासोबत भडंग आलं. पन्नाशीत मधुमेह निघाला आणि शेवटी पायाचं बोट काढावं लागलं. कुस्ती कशी धरायची हे त्यांना शिकवणारे वस्ताद होते. कुस्ती सुटल्यावर खुराक कसा सोडायचा, हे कुणीच शिकवलं नाही. आज आपली अवस्था तीच आहे, फरक इतकाच की आपण मेहनतीचा काळ वगळून थेट दुकानात बसलो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे.

यात साखरेचाही इतिहास आहे. सहकारी कारखान्यांनी या जिल्ह्यांना पैसा आणि शिक्षण दिलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच काळात गोड हे सणाचं न राहता रोजचं झालं. मोहरमचे चोंगे वर्षातून एकदा व्हायचे, शीरखुर्मा महिनाभराच्या रोज्यांनंतर यायचा. चोंग्यांनी किंवा शीरखुर्म्यानं कुणाला आजारी पाडलं नाही. आजारी पाडलं ते रोजच्या पाच कप चहानं आणि न चालण्यानं. म्हणून सणाच्या ताटावरून भांडू नये, रोजच्या ताटाकडे बघावं.

आणखी एक हिशेब राहून गेला होता. पहाटे बदाम वाटायच्या त्या चाची. त्यांच्या वाट्याला ना खुराक आला, ना तालीम. बायकांसाठी हौदाच नव्हता. हे आता बदलतंय. २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. त्यानंतर चाचींची नातही तालमीत जाऊ लागली. तिच्यासाठी चाची पुन्हा रात्री बदाम भिजवतात. ती घाम गाळते तोवर ते तिच्या हक्काचे आहेत. ज्या दिवशी ती तालीम सोडेल, त्या दिवशी वाटी लहान कर असं सांगणारं कुणीतरी घरात असायला हवं. चाचांना ते कुणी सांगितलं नाही. तिला आम्ही सांगणार आहोत.