सुरतेत गाडी शिकताय? पैसा कुठे वाचतो, कुठे बुडतो

सुरत : लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागात राहणाऱ्या खान्देशी कुटुंबांत लूम सोडून गाडीवर जायचं म्हणणारे तरुण बरेच. पहिली अडचण लायसन्सची, दुसरी पैशाची. सरकारी फी मात्र वाटते तेवढी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कच्च्या लायसन्सचे एका प्रकाराला 150 रुपये व परीक्षेचे 50, पक्क्याच्या चाचणीचे 300, लायसन्स देण्याचे 200 रुपये. स्मार्टकार्डाचे पैसे वेगळे. फी 'सारथी' पोर्टलवर स्वतः भरता येते. यापेक्षा जास्त मागितले, तर तो पैसा एजंटाचा समजावा.

स्वतःची दुचाकी किंवा कार चालवायची असेल तर ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट सक्तीचं नाही. काका, भाऊ, शेजारी, कोणीही शिकवू शकतं. अट एवढीच, की त्याच्याकडे त्या गाडीचं पक्कं लायसन्स हवं, तो गाडी थांबवता येईल अशा जागी शेजारी बसलेला हवा आणि गाडीला मागे-पुढे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. हे पाळलं नाही आणि ठोकर झाली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. दोन-तीन हजार वाचवायला जाऊन नुकसानभरपाई घरच्यांच्या डोक्यावर बसते.

सुरतेत काढलेलं कच्चं लायसन्स देशभर चालतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. म्हणजे दिवाळीत लूम बंद असताना नवापूर, नंदुरबार, शहादा, गावी गेल्यावर मोकळ्या रस्त्यावर भावाच्या गाडीवर सराव करता येतो. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं, आणि ते मिळाल्यावर 30 दिवसांनंतरच पक्क्याची चाचणी देता येते. त्यामुळे नवरात्राच्या आसपास कच्चं काढलेलं बरं. फक्त आधारवर पत्ता सुरतेचा की गावाचा, ते आधी बघून घ्यावं. अर्ज राहतो किंवा कामधंदा करतो त्या राज्यात करता येतो, पण पत्त्याचा कागद जुळला नाही तर फेरा वाया जातो.

स्कूल लावायचीच असेल तर 'किती दिवस' हे विचारू नये, 'किती तास' विचारावं. हलक्या गाडीसाठी नियमात 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास सांगितले आहेत. रोज 15 मिनिटं, 15 दिवस, असा क्लास असेल तर हिशेब पावणेचार तासांचाच होतो. त्यातही दोघं-तिघं एकाच गाडीत बसवले, तर आपल्या हातात स्टिअरिंग किती वेळ आलं ते घड्याळ लावून बघावं. ताशी दर काढला की स्वस्त वाटणारी स्कूल बऱ्याचदा महाग निघते.

खरा पैसा बुडतो तो चाचणीत नापास झाल्यावर. गुजरातेत चाचणी सेन्सरच्या ट्रॅकवर होते. रिव्हर्स, पार्किंग, चढ, दुचाकीला आठचा आकडा. तिथं ओळख चालत नाही. नापास झालं की पुन्हा 300 रुपये, सात दिवस थांबणं आणि पाल आरटीओला एक खाडा. तीनदा नापास झालं तर 60 दिवस थांबावं लागतं. कारखान्यात खाड्याचे पैसे कापले जातात, ते यात धरलेच नाहीत. म्हणून रिव्हर्स हाताला बसेपर्यंत तारीख घेऊ नये. दुचाकी नि कार दोन्हींचा अर्ज सोबत केला तर फेरे वाचतात.

छोटा हत्ती किंवा टेम्पोवर पोट भरायचं असेल, त्यांच्यासाठी एक मोठी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितलं, की मालासकट एकूण वजन 7500 किलोच्या आत असलेलं मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं. एवढ्यासाठी 'ट्रान्सपोर्ट'चा वेगळा शिक्का काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याची गरज नाही. परमिटाचे नियम अर्थात वेगळे.

आणि बिनालायसन्सची सवय महाग पडते. गुजरातेत 2019 मध्ये दंड कमी केला, तरी दुचाकीला 2000, चारचाकीला 3000 रुपये. अल्पवयीन पोराच्या हाती किल्ली दिली तर कायद्यात पालकाला 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी 12 महिने रद्द.